तळहाताएवढा पंप

मी पेट्रोलचा पंप बोलतोय. रस्त्याच्या कडेला जो उभा असतो आणि ज्याच्यापुढे गाड्यांची रांग लागते, तो नव्हे. त्याचं नि माझं नातं आडनावापुरतं. मी तळहातावर मावणारा, एका जुन्या मोटरसायकलच्या सीटखाली अंधारात राहणारा. आज मात्र उजेडात आहे. जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या रद्दी कागदावर माझे दोन तुकडे उघडे पडले आहेत आणि माझे स्क्रू एका बशीत ठेवले आहेत. ती बशी पाहुण्यांसाठीच्या कपबशांतली आहे, हे स्वयंपाकघरात अजून कळायचं आहे. ते कळायच्या आत मला माझी हकीकत सांगून टाकायची आहे.

आधी माझी घडण सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. माझं अंग ओतीव धातूचं. पोटात मधोमध ताणून बसवलेला एक रबरी पडदा. पडद्याच्या एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला इंजिनाचा श्वास. इंजिनाने श्वास आत घेतला की पडदा तिकडे ओढला जातो आणि टाकीतलं घोटभर पेट्रोल माझ्या पोटात येतं. श्वास सुटला की स्प्रिंग पडद्याला परत ढकलते आणि तो घोट वर कार्बुरेटरकडे जातो. आलेलं मागे फिरू नये म्हणून दोन चिमुकल्या झडपा. ना वायर, ना वीज. इंजिन जोवर श्वास घेतंय तोवर मी ओढतोय.

बहुतेक मोटरसायकलींना माझी गरजच पडत नाही. त्यांची टाकी उंचावर असते, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरतं. आमच्या गाडीची टाकी मात्र सीटखाली, पार खाली दडवलेली. टाकीच्या नेहमीच्या जागी हत्यारांचा डबा आणि शेजारी एक साइडकार. असा उफराटा आराखडा कोणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे. पण त्यामुळेच मला काम मिळालं, तेव्हा मी नावं ठेवणार नाही.

माझं उभं आयुष्य अण्णांबरोबर गेलं. अण्णांचं काम म्हणजे डोंगरावरच्या आरोग्य केंद्रांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे, साइडकारमधल्या बर्फाच्या डब्यात ठेवायचे आणि दुपारचं यंत्र सुरू व्हायच्या आत शहरातल्या लॅबमध्ये पोचवायचे. अण्णा चढावर गाडीशी बोलायचे. "चल गं बाई, चल, एवढं वळण काढ." ती बोलणी गाडीला लागायची नि ओढायचं काम मला लागायचं.

गाडीचा पेट्रोलचा काटा फार पूर्वीच मेला होता. अण्णांनी तो कधी दुरुस्त केला नाही. हत्यारांच्या डब्यात एक गुळगुळीत लाकडी काडी होती. प्रत्येक आरोग्य केंद्रासमोर गाडी उभी केली की अण्णा सीट उचलायचे, टाकीचं झाकण फिरवायचे, काडी बुडवायचे, डोळ्यांसमोर धरून बघायचे, पँटला पुसायचे. घरी त्यावरून रोज ऐकून घ्यायचे. त्यांच्या बायकोला घरात सगळे आई म्हणतात. आईचं म्हणणं असं, की अख्ख्या कपाटाला पेट्रोलचा वास येतो. अण्णा म्हणायचे, "अगं, दुसरे नवरे अत्तर लावतात. मी हे लावतो."

मग अण्णांचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, पण किक मारायची म्हणजे आता कायमचं विसरायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. अण्णा गाडी विकायला निघाले. तेव्हा त्यांची मुलगी पुढे झाली. तिचे डोळे घारे, म्हणून घरात तिला घारीच म्हणतात. तोवर ती एका कारखान्याच्या भांडारात सुटे भाग मोजून द्यायची. ती म्हणाली, "गाडी मी चालवते. नमुने मी आणते."

"तुला जमणार नाही," अण्णा म्हणाले.

"कशावरून?"

"किक बघ मारून."

घारीने किक मारली. पहिल्यांदा गाडीने तिचा पाय झिडकारला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा इंजिनाने श्वास घेतला, मी घोट वर पाठवला आणि गाडी धडधडायला लागली. अण्णा खिडकीत काठीवर रेलून उभे होते. "चोक बंद कर," एवढंच म्हणाले. ही त्यांची परवानगी होती.

घारी नीटनेटकी. गाडी हातात आल्यावर तिने पहिलं काम केलं ते काट्याचं. वायर जोडली, टाकीतला तरंगता गोळा साफ केला, आणि काटा जागा झाला. अण्णांना तिने मोठ्या कौतुकाने दाखवलं. अण्णा म्हणाले, "काडीला काय झालं होतं?" पण काडी डब्याच्या तळाशी गेली ती गेलीच. शिवाय मध्येच पेट्रोल संपायला नको, म्हणून घारी रोज सकाळी टाकी काठोकाठ भरायला लागली. अण्णा बेतापुरतं भरायचे.

आणि इथून माझे दिवस फिरले.

शहराबाहेर पडेपर्यंत सगळं ठीक असायचं. चढ लागला की मला पाठीमागून काहीतरी ओढायला लागायचं. मी ओढायचो, तर टाकीकडूनही कोणीतरी उलट ओढायचं. घोट अर्धा व्हायचा, मग चूळभर, मग नुसती ओल. वर कार्बुरेटर कोरडा पडायचा, इंजिन दोनदा खोकायचं नि बंद. घारी उतरायची, किक मारमारून घामाघूम व्हायची. बऱ्याच वेळाने माझी नळी हळूहळू भरायची आणि गाडी सुरू व्हायची, ती पुढच्या वळणापर्यंत. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, की मी ओढतोय, पण मागून कोणी सोडत नाहीये. पण पंपाला तोंड म्हणजे फक्त नळी.

एकदा इतका उशीर झाला की बर्फ वितळून नमुने खराब झाले. दुसऱ्या दिवशी वरच्या केंद्रातल्या सिस्टरने त्याच लोकांना पुन्हा बोलावलं. एक आजोबा बाही वर करता करता म्हणाले, "कालचं काय केलंत? सांडलंत?"

घारीच पुढे येऊन म्हणाली, "आजोबा, गाडी बंद पडली. चूक माझी."

"मग सुई तुला टोचायला पाहिजे," आजोबा म्हणाले आणि हात पुढे केला. सगळे हसले. घारी हसली नाही.

त्या संध्याकाळपासून ती माझ्यामागे लागली. रागावून नव्हे, हट्टाने. इंजिनाच्या श्वासाची नळी काढून तिने नाकाशी धरली. पडदा फाटला असता तर तिथे पेट्रोलचा वास आला असता. आला नाही. मग नळीचं टोक तोंडात धरून हवा ओढली नि जीभ लावून धरली. पडदा गळका असता तर ओढ लगेच सुटली असती. मी ती घट्ट धरून ठेवली. नळ्यांना बारीक चिरा दिसल्या, तिने नळ्या बदलल्या. गाळणी बदलली. मला उघडून झडपांवर बसलेली जुन्या पेट्रोलची चिकट साय पुसून काढली. एवढी निगा माझी कधी कोणी राखली नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा त्याच चढावर बंद पडली. मला लाजेने मेल्यासारखं झालं.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणतात. त्याने कार्बुरेटरखालचा स्क्रू सैल केला, थेंबही पडला नाही. "ताई, वर पेट्रोलच येत नाही. वर पाठवायचं काम कोणाचं? पंपाचं. पंप म्हातारा झालाय. सोडा त्याला."

"तपासला मी. पडदा धरतोय."

"गार असताना धरतो. तापला की ढिला पडतो. आमच्या सासऱ्यांचं पण तसंच आहे, सकाळी एकदम ठणठणीत असतात."

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. माझ्यासारखे पुष्कळ पंप असेच जातात.

तेवढ्यात लॅबच्या मॅडमचा फोन आला. मॅडम कडक, पण सरळ. "हे बघ, तुझ्या वडिलांनी एकदाही उशीर केला नाही, म्हणून मी थांबले. वरच्या केंद्रात डायबेटिसच्या बायका आहेत, गरोदर बायका आहेत. त्यांना दोनदा टोचायचं मी खपवून घेणार नाही. उद्या डबा वेळेत आला नाही, तर परवापासून व्हॅन."

व्हॅन लागली असती तर गाडी गेली असती, आणि घारीचं कामही. कारखान्याची नोकरी ती सोडून आली होती. अण्णांनी तर गाडी बघायला एका माणसाला बोलावूनही ठेवलं होतं. "हट्ट पुरे झाला," ते म्हणाले.

"उद्याचा दिवस आहे अजून," घारी म्हणाली.

उस्तादने मला काढलं आणि माझ्या जागी विजेवर चालणारा नवाकोरा पंप बसवला. मला फडक्यात गुंडाळून साइडकारच्या कोपऱ्यात टाकलं. अण्णांनी एकच अट घातली, की बंद पडली तर ढकलायला कोणीतरी बरोबर हवं. आईने इकडेतिकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं, की घरात दुसरं कोणी नाही.

"ढकलायला मीच सापडले? माझे गुडघे काय नवीन बसवलेत?"

"तू नुसती बस गं. वजन राहील साइडकारला."

"म्हणजे मी गोणी!"

पण ती बसली. पाण्याची बाटली घेतली, डोक्याला रुमाल बांधला, बर्फाचा डबा मांडीशी घट्ट धरला. मी तिच्या पायाशी होतो.

जाताना गाडी दोनदा खोकली, पण चढ चढून गेली. हाताशी वेळ होता, थांबत थांबत जाता आलं. केंद्राकेंद्रातून नमुने घेतले. वरच्या सिस्टरने जवळच्याच पंपावर टाकी भरून घ्यायला सुचवलं. घारीने ती काठोकाठ भरली. परतीच्या वाटेवर, मधल्या छोट्या चढावर, भरल्या डब्यासकट गाडी बंद पडली.

"झालं," आई म्हणाली.

घारी उतरली. किक मारली नाही. नुसती उभी राहून ऐकत राहिली. सीटखालून नव्या पंपाचा आवाज येत होता. टक टक टक टक. न थांबता. मी फडक्यातून ऐकलं आणि मला त्या परक्या पंपाची दया आली. ती धाप मला चांगली ओळखीची होती.

"आई, ऐकतेस?"

"काय? टकटकतंय काहीतरी."

"वर पेट्रोल पोचलं की हा गप्प बसतो, उस्तादने सांगितलं होतं. हा गप्प बसत नाहीये. म्हणजे बिचारा ओढतोय आणि याला मिळत नाहीये." ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "नवा पंप, तरी तेच. मग जुन्याचा दोष कुठे होता? घोळ त्याच्या मागे आहे. टाकीकडे."

फडक्यात माझा पडदा थरथरला म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही. पण मी तिथे होतो.

"आई, बाटली दे."

"घे, पी."

घारीने बाटली उलटी करून पाणी रस्त्यावर ओतलं.

"अगं माझं पाणी! वेड लागलं का तुला?"

"बाटली कोरडी हवी." तिने ओढणीच्या टोकाने बाटली आतून पुसली, किल्ली फिरवून नवा पंप गप्प केला, टाकीकडून येणारी नळी सोडवली आणि तिचं तोंड बाटलीत धरलं. टाकी काठोकाठ होती. पेट्रोल भसाभस यायला हवं होतं. बारीक धार आली, करंगळीएवढी. मग दोऱ्याएवढी. मग थेंब. मग तोही नळीच्या टोकाशी लोंबत राहिला.

"भरली होतीस ना नक्की?" आई म्हणाली.

"काटा पूर्ण दाखवतोय."

"काट्याचं नको सांगूस मला. तुझे अण्णा कसे, सारखे उघडून बघायचे." असं म्हणत आई खाली उतरली, सीट उचलली आणि झाकणावर हात ठेवला. झाकण हलेना. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. झाकण फिरलं, आणि टाकीने मोठ्ठा सुस्कारा टाकला. हुश्श. त्याच क्षणी नळीतून पेट्रोलची अशी धार सुटली, की बाटली भरून घारीच्या हातावर आली.

"बाई गं! काय केलं मी?"

घारीने नळी बोटाने दाबून धरली. "आई, बाटली टाकीत रिकामी कर आणि झाकण लाव."

"अगं आता तर येतंय..."

"लाव तू."

झाकण लागलं. घारीने नळी पुन्हा बाटलीत सोडली. धार बारीक होत गेली, थांबली. "आता उघड." हुश्श. धार.

मला फडक्यातच सगळं उमगलं. मला उलट ओढणारं दुसरं कोणी नव्हतं, टाकीच होती. जेवढं पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी. ती येत नव्हती, म्हणून टाकी आतल्या आत आखडत होती. काठोकाठ भरल्यावर तर आत हवेला जागाच कमी, म्हणून आणखी लवकर.

घारीने झाकण उलटं केलं. प्रत्येक झाकणाला श्वासासाठी एक बारीक भोक असतं. ते दिसत नव्हतं. तिथे काहीतरी घट्ट, काळपट बसलं होतं. आईने केसांतला आकडा काढून दिला. घारी कोरत गेली, तसे निळे कण पडायला लागले. आईने एक कण बोटावर चोळला, नाकाशी नेला.

"हा माझा कपड्यांचा साबण आहे!"

"टाकीच्या झाकणात?"

"वडी कापलेली सापडायची मला. मी उंदरांना शिव्या देत बसले इतकी वर्षं!"

घारी हसायला लागली, ती हसतच आकडा फिरवत राहिली. भोकातून उजेड दिसला तेव्हा तिने झाकण आईच्या डोळ्यापुढे धरलं. मग नळी जोडली, झाकण लावलं, आणि किल्ली फिरवली. टक टक टक. मग शांतता. किक मारली. पुढचा चढ गाडीने न खोकता काढला. आई डबा पोटाशी धरून सारखी विचारत होती, "वेळ आहे ना?" घारी पुढे बघून गाडी हाकत होती.

लॅबच्या दारात मॅडम घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. डबा उघडून त्यांनी बर्फाला हात लावला. अजून खडे होते. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. मग घारीच्या हाताचा वास घेऊन नाक मुरडलं. "उद्या हात धुऊन ये." घारीला तो 'उद्या' पुरेसा होता.

घरी अण्णा दारातच बसले होते. आईने साबणाचा निळा तुकडा त्यांच्यापुढे धरला. अण्णांनी तो बोटांत फिरवून बघितला. मग त्यांचा हात आपोआप कपाळाला गेला.

"खड्ड्यात झाकणातून पेट्रोल उडायचं. बर्फाच्या डब्यावर शिंतोडे यायचे. म्हणून साबण दाबला होता. तात्पुरता."

"तात्पुरता!" आई म्हणाली. "यांचं तात्पुरतं म्हणजे जन्मभराचं."

"मग तुम्हाला कधी त्रास कसा झाला नाही?" घारीने विचारलं.

अण्णांनी हवेत सीट उचलल्यासारखी केली, झाकण फिरवल्यासारखं केलं, काडी बुडवल्यासारखी केली. आणि थांबले. काडी बुडवताना ते दर थांब्यावर टाकीला श्वास देत होते, आणि आपण तो देतोय हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. घारीने काटा दुरुस्त केला आणि तो श्वास बंद झाला.

"त्या गाडी बघायला येणाऱ्या माणसाला फोन लाव," अण्णा आईला म्हणाले. "त्याला सांग, गाडी विकायची नाही. चालवणारी आहे घरात."

दुसऱ्या दिवशी घारीने नवा पंप काढून उस्तादकडे नेला. उस्ताद म्हणाला, "राहू द्या की ताई, नवा आहे."

"गाडीचा दिवा मंद होतो त्याच्याने. आणि ज्याचा दोष नव्हता, त्याला का काढू?"

उस्तादने झाकणाचं भोक उजेडात धरून बघितलं आणि खो खो हसला. "माझ्या सासऱ्यांचं पण झाकण बघायला पाहिजे एकदा." हसून झाल्यावर म्हणाला, "पण ताई, पडदा कडक झालाय म्हाताऱ्याचा. हे मी खरंच सांगतो. तो बदला."

तेही खरं आहे. म्हणून मी आज या टेबलावर आहे. नवा पडदा शेजारी पारदर्शक पाकिटात आहे, मऊ, काळाभोर, एकही चढ न चढलेला. माझं धातूचं अंग, झडपा, स्प्रिंग तीच राहणार. पण इतका वेळ तुमच्याशी जो बोलतोय तो मी म्हणजे हा जुना पडदाच, आणि थोड्याच वेळात मी त्या बशीत, स्क्रूंच्या शेजारी असेन. मला त्याचं वाईट वाटत नाही. इंजिनाने मागितलं तेव्हा मी ओढलं, आणि मिळत नव्हतं तेव्हाही ओढायचं सोडलं नाही.

तुमच्याकडे एवढंच मागणं. एखादा जीव तोडून ओढतोय आणि तरी वर काही पोचत नाहीये असं दिसलं, तर त्याला काढून टाकायच्या आधी एकदा मागे जा, झाकण उघडा आणि कान देऊन ऐका.

अण्णा शेजारच्या खुर्चीत बसून सूचना देताहेत. "स्क्रू समोरासमोरचे आवळ. एकदम घट्ट नको." घारी म्हणते, "माहितीय अण्णा." त्यांच्या हातात ती गुळगुळीत काडी होती. ती त्यांनी आत्ताच तिच्यापुढे सरकवली. "काटा चांगला चालतो," ती म्हणाली, पण काडी उचलून तिने पँटला पुसली आणि टेबलावर काढून आणलेल्या हत्यारांच्या डब्यात सगळ्यांत वर ठेवली.

स्वयंपाकघरातून पावलं येताहेत.

"अगं ए! ती बशी कुठली घेतलीस?"

घारीने घाईघाईने नवा पडदा पाकिटातून काढला आहे. बरोबरच आहे. उद्या सकाळी चढ आहे, आणि ओढायला कोणीतरी हवं.